तीन म्हटल्यावर

बेचाळीस माणसं डोळे मिटून माझ्यासमोर उभी होती आणि पुढचा शब्द मला आठवत नव्हता. शब्द तसा साधा आहे. उघडा. गेली सव्वीस वर्षं मी तो रोज म्हणतोय. ग्रुप फोटोत कुणाची ना कुणाची पापणी लवतेच. माणसं जितकी जास्त तितका एखादा बंद डोळा हमखास. म्हणून मी सगळ्यांना आधीच डोळे मिटायला लावतो. डोळे मिटा, एक, दोन, तीन, उघडा. नुकते उघडलेले डोळे क्षणभर लवत नाहीत, तेवढ्यात बटण दाबायचं. माझी भाची मला तीनमामा म्हणते ते यामुळेच. त्या दिवशी एका कंपनीच्या पायऱ्यांवर मी अर्धा तास खपून सगळ्यांना लावलं होतं. उंच मागे, बुटके पुढे, हे कुणीही सांगेल. पण कडेला सडपातळ माणसं हवीत, कारण रुंद लेन्स कडेच्या माणसाला आणखी रुंद करते आणि तो जन्मभर आपल्या नावानं खडे फोडतो. चष्मेवाल्यांनी हनुवटी चिमूटभर खाली घ्यायची, नाहीतर काचेत आभाळ दिसतं. ज्यांचं एकमेकांशी पटत नाही त्यांच्यामध्ये दोन माणसं घालायची. हे मला कुणी सांगावं लागत नाही, खांद्यांवरून कळतं. मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढलो, 'डोळे मिटा' म्हणालो आणि खिशात फोन थरथरला. काम चालू असताना मी फोन बघत नाही. पण आई गेल्यापासून ताईचा मेसेज आला की हात आपोआप खिशाकडे जातो. ताईनं लिहिलं होतं, 'बाबा म्हणतात, फोटोतल्या आईचे डोळे तिचे नाहीत. तू काही केलंयस का?'

मी ते दोनदा वाचलं. शिडी हलत नव्हती, मी हलत होतो. समोर बेचाळीस माणसं, पापण्या मिटलेली, चेहरे किंचित वर केलेली, माझ्या एका शब्दावर थांबलेली. इतकी वर्षं मी हे दृश्य बघत आलो, पण कधी दोन-तीन सेकंदांहून जास्त बघितलं नव्हतं. मिटल्या डोळ्यांची माणसं किती निमूट दिसतात. साहेब आणि शिपाई सारखेच. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "साहेब, आमची एक डुलकी झाली, आता चहा सांगा!" आणि सगळी रांग फिस्कटली. हशा पिकला, डोळे उघडले, अर्ध्या तासाची मेहनत मातीत गेली. फक्त पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या एक वयस्क बाई, बहुधा त्या वर्षी निवृत्त होणाऱ्या, अजून डोळे मिटूनच होत्या. आजूबाजूचा गोंधळ ऐकून त्यांनी हळूच विचारलं, "उघडायचे का हो?" मला त्यांच्याकडे बघवेना. "हो हो, उघडा ना," मी म्हणालो, आणि पुन्हा सगळ्यांना लावायला घेतलं. तो फोटो शेवटी चांगला आला. माझे फोटो चांगलेच येतात, तेच तर दुखणं आहे.

संध्याकाळी स्टुडिओचं दार लावलं, पुन्हा उघडून बघितलं, पुन्हा लावलं. वर माझी राहायची खोली आहे. संसार मांडला नाही, त्यामुळे वर जायला कुणाची घाई नसते. ताईला उत्तर लिहिलं, 'काही नाही गं, जरा उजळवलाय फोटो.' मग ते पुसलं. 'रविवारी आल्यावर बोलू' असं लिहून पाठवलं, आणि पाठवल्यावर वाटलं, याहून स्पष्ट कबुली ती कोणती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. रविवारी सगळे बाबांच्या घरी जमणार होतो. बाबा ताईकडे राहायला जाणार, घर रिकामं करायचं. त्याच तयारीत, ताईच्या मेसेजच्या दिवशी, भिंतीवरचा फोटो उतरवून जुन्या चादरीत गुंडाळताना बाबांनी तो हातात धरला, खिडकीपाशी नेला आणि ते वाक्य म्हणाले. म्हणजे सव्वा वर्ष समोर टांगलेला होता तोवर काही नाही, आणि उतरवला तेव्हा दिसलं. की आधीपासून दिसत होतं? सकाळी चहा घेऊन त्या फोटोसमोर बसायची त्यांना सवय लागली होती. लोक म्हणायचे, केवढा जीव आहे. मला आता वाटायला लागलं की ते जीव लावून बसत नव्हते, शोधत बसत होते.

काय केलं होतं ते सरळ सांगतो. आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा घरच्या अकरा माणसांचा फोटो मी काढला. सहा वेळा काढला आणि सहाही वेळा आईचे डोळे बंद आले. आमच्या धंद्यात याला फारसा कुणी घाबरत नाही. एका फोटोतले डोळे दुसऱ्या फोटोत बसवायचे. आम्ही त्याला 'डोळे उघडून देणं' म्हणतो. गिऱ्हाईक फोनवर सांगतं, "अहो, आमच्या साहेबांचे डोळे तेवढे उघडून द्या," आणि आम्ही देतो. देवसुद्धा इतक्या सहज देत नसेल. मोजणीच्या आधी मी उजेड तपासायला एक सातवा फोटो काढला होता, त्यात आई टक्क उघड्या डोळ्यांनी डावीकडे कुठेतरी बघत होती. ते डोळे मी उचलले, बुबुळं जराशी सरकवून कॅमेऱ्याकडे वळवली, आणि सहाव्या फोटोत तिच्या चेहऱ्यावर बसवली. वीस मिनिटांचं काम. मोठी प्रत काढून, चौकट करून बाबांना दिली. चौकट भिंतीवर लागली आणि तीन आठवड्यांनी आई गेली. सकाळी ओट्यापाशी उभी असताना, हृदयानं. त्यानंतर जो येई तो फोटोपुढे उभा राहून म्हणे, काय प्रसन्न दिसतायत. मी मान डोलवायचो.

पण मला फसवणुकीची भीती वाटत नव्हती. म्हणजे वाटत होती, पण ती वरवरची. खाली वेगळंच होतं. आई गेल्यानंतर एका दुपारी मी ते मूळचे सहा फोटो पुन्हा उघडून बघितले, मोठे करून. सहाही फोटोंत डोळे नुसते बंद नव्हते. कपाळावर आठी होती. ओठ घट्ट. मान किंचित पुढे, कुठलीशी कळ सोसताना करतो तशी. तिला काहीतरी होत होतं. माझ्यापासून दहा पावलांवर, सहा वेळा, आणि मी लेन्समधून तिच्या चेहऱ्याकडेच बघत होतो. माणसाच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ मला दिसते, त्यावर माझं पोट आहे. आणि मला काय दिसलं? बंद डोळे. दोष. काढून टाकायची गोष्ट. मुलगा म्हणून बघितलं असतं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं. उलट मी सगळ्यांसमोर ओरडलो होतो, "आई, किती वेळा सांगायचं, तीन म्हटल्यावर उघड ना!" भाची खिदळली, "आजी झोपली!" सगळे हसले. आईही हसली, जरा उशिरानं, आणि "बरं बरं" म्हणाली. ते सहा फोटो मी कुणाला दाखवले नाहीत, पुसलेही नाहीत. आता बाबा विचारणार, खरा दाखव. आणि दाखवला की त्यांना कळणार की त्यांची बायको जायच्या काही आठवडे आधीच त्यांच्या डोळ्यांदेखत दुखणं सोसत होती, आणि त्यांच्या मुलानं ते बघून वर रंगसफेदी केली.

शनिवारपर्यंत माझा एकही दिवस धड गेला नाही. एका शाळेच्या शिक्षकांचा फोटो होता. 'डोळे मिटा' म्हणायची हिंमत झाली नाही, तसाच काढला, चार जणांचे डोळे बंद. भाजीच्या दुकानात सुट्टे पैसे घ्यायला विसरलो. मधूनच आईचा शेवटचा फोन आठवायचा. ती जायच्या आधीच्या शुक्रवारी मी तिला सांगितलं होतं, या रविवारी मला यायला जमणार नाही, काम निघालंय. त्यावर ती म्हणाली होती, "ये ये, वाट बघते." मला तो टोमणा वाटला. आईला टोमणे मारायची सवय नव्हती, म्हणून तर जास्त लागला. न येणाऱ्या मुलाला 'ये ये' म्हणायचं, ही कसली बोलायची रीत? मी रागानं फोन ठेवला आणि रविवार गेला, सोमवार गेला, फोन केला नाही. बुधवारी ताईचा फोन आला. शेवटची दोनेक वर्षं आईचं बोलणं तसं तुटकच झालं होतं. फोन उचलला की "बरं आहे सगळं, जेवलास का?" आणि मग लगेच "हे घे, ह्यांच्याशी बोल" म्हणून फोन बाबांकडे. मला वाटायचं, माझ्यात तिला आता पूर्वीसारखा रस उरला नाही. इतक्या क्षुद्र गोष्टी मनात साठवतो माणूस, आणि साठवणाऱ्याला आपण हळवे आहोत असं वाटत राहतं.

रविवारी लॅपटॉप पिशवीत घालून बाबांच्या घरी गेलो. तीन मजले चढताना दोनदा थांबलो. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीतलं सामान खोक्यांत गेलं होतं आणि भिंतींवर जिथे जिथे काही टांगलेलं होतं तिथे तिथे फिकट चौकोन उरले होते. ताई आणि भावोजी कपाटाच्या फळ्या सोडवत होते, भाची खोक्यांवर मोठ्या अक्षरांत 'पुस्तकं', 'भांडी', 'काय माहीत' असं लिहीत होती. मला बघून ती म्हणाली, "तीनमामा आला! आजोबा तुझ्यावर चिडलेत." ताईनं तिला डोळ्यांनी दटावलं आणि मला म्हणाली, "आत जा. सकाळपासून तुझीच वाट बघतायत. आणि खरं काय ते सांग रे एकदाचं, मला मध्ये घालू नकोस." बाबा आतल्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते. मांडीवर तो फोटो. त्यांना हल्ली एका डोळ्यानं कमी दिसतं, म्हणून मान तिरकी करून बघतात. त्या तिरक्या नजरेपुढे मी सव्वीस वर्षं मुरलेला धंदेवाईक न राहता अचानक शाळेतला, प्रगतिपुस्तक लपवणारा झालो.

"बस," बाबा म्हणाले. "ही कुणाकडे बघतेय?"

"कॅमेऱ्याकडे," मी म्हणालो.

"कॅमेऱ्याकडे कशी बघेल? तिला फोटो काढून घ्यायला कधी आवडलं? पन्नास वर्षांत तिनं माझ्याकडे असं एकदाही बघितलं नाही. पाहुण्याकडे बघतात असं बघितलंय हे. खरा दाखव."

मी लॅपटॉप उघडला. पासवर्ड दोनदा चुकला. मीच बोलत सुटलो, कारण गप्प बसलो असतो तर उठून पळालो असतो. म्हणालो, बाबा, मी डोळे बदललेत, दुसऱ्या फोटोतले लावलेत, सगळेच लावतात, पण तेवढंच नाही, तिला त्या दिवशी बरं नव्हतं, काहीतरी दुखत होतं, मला दिसलं होतं आणि कळलं नाही, तुम्ही बघाल तेव्हा कळेल, माझी चूक आहे, मला माफ करू नका. शेवटचं वाक्य कुठून आलं कुणास ठाऊक. मग मी पहिला फोटो मोठा करून त्यांच्या पुढे धरला. आईचा चेहरा पडदाभर. आठी, घट्ट ओठ, पुढे काढलेली मान. दुसरा. तिसरा. बाबांनी मान तिरकी केली, जवळ आणली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता भिंतीवरच्या फिकट चौकोनाकडे बघत राहिलो. सहावा फोटो झाला आणि बाबांच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं, झालं, रडले. ते हसत होते. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसत होते.

"अरे वेड्या," ते म्हणाले, "दुखतंय कुठलं? ही ऐकतेय."

मला कळलं नाही.

"तिला ऐकू येत नव्हतं. दोन-अडीच वर्षं. उजवा कान साफ गेला होता, डावा नावाला. मला शपथ घातली होती, पोरांना सांगाल तर बघा. म्हणायची, कळलं की सगळे माझ्याशी ओरडून बोलायला लागतील, कानात ते यंत्र घालायला लावतील. तुमचे ओठ बघून तिला बरंच कळायचं. उरलेलं मी हात दाबून सांगायचो. हसायचं असलं की एकदा, उत्तर द्यायचं असलं की दोनदा. आमचं ठरलेलं होतं." लॅपटॉपच्या कडेवर त्यांनी बोट दोनदा दाबलं, नकळत. "तू म्हणालास डोळे मिटा. ते तिनं बघितलं, मिटले. मग मिटल्या डोळ्यांनी तिला तुझे ओठ कसे दिसणार? उघडा म्हटलेलं कळणार कसं? बसली बिचारी कान लावून. बाजूचे हलले की उघडायची. आणि तू तिलाच रागवत होतास."

"पण तुम्ही होतात ना तिथे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच चढा वाटला. "हात का नाही दाबलात?"

"मी कुठे होतो?"

त्यांनी मांडीवरचा फोटो माझ्याकडे वळवला. आई मधल्या खुर्चीवर, तिच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला माझी मावशी. बाबा मागच्या रांगेत, डाव्या टोकाला. मला आठवलं. ते आधी आईशेजारीच बसले होते. मी शिडीवरून म्हणालो होतो, बाबा, तुम्ही उंच आहात, पुढे बसलात की मागचे झाकले जातात, तुम्ही त्या टोकाला जा. ते म्हणाले, मी इथेच बरा आहे. मी म्हणालो, अहो, पाच मिनिटांचा प्रश्न आहे, ऐका माझं. टोकाला सडपातळ माणूस हवा होता आणि घरात बाबांइतकं सडपातळ कुणी नव्हतं. ते उठून गेले. ते टोकाकडे चालत असतानाच मी उजेड तपासायला तो सातवा फोटो काढला. मी तो उघडला. आई उघड्या डोळ्यांनी डावीकडे बघत होती, तिथे बाबांची अर्धी पाठ दिसत होती. एक हात तिनं मांडीवर उताणा ठेवला होता. सव्वा वर्षात मी त्या फोटोतले फक्त डोळे बघितले होते.

बाबांनी तो फोटो कितीतरी वेळ बघितला. "हे तिचे," ते म्हणाले. "हा लावून दे मला. बाकीचे कसेही दिसू देत." त्यात भावोजी शिंकत होते आणि भाची पाठमोरी होती. असला फोटो मी आजवर एकाही गिऱ्हाइकाला दिला नाही. मी 'देतो' म्हणालो, आणि मग जे विचारायचं नव्हतं ते विचारलंच. "बाबा, ती गेली त्याच्या आधीचा रविवार. मी येणार नव्हतो. तिला सांगितलं होतं फोनवर." बाबा मान खाली घालून चष्मा पुसत राहिले. त्यांना खोटं बोलता आलं असतं. डोळे उघडून द्यायचे किंवा झाकायचे, ही कला घरात फक्त मलाच येत होती. "जेवण झाकून ठेवलं होतं तिनं चार वाजेपर्यंत," ते म्हणाले. "मग म्हणाली, अडकला असेल कामात. रागावली-बिगावली नव्हती हं." मी इतके दिवस जे घट्ट धरून ठेवलं होतं ते सुटलं नाही, नुसतं जागेवरून हललं. आईला काही दुखत नव्हतं. ती फक्त माझ्या शब्दासाठी थांबली होती, आणि मी तो दहा पावलांवरून म्हणत होतो. मी रडलो. बाबांनी रडू दिलं.

बाहेरून ताईनं हाक मारली. शेजारच्या काकू निरोपाला आल्या होत्या आणि ताईनं त्यांच्या हातात स्वतःचा मोबाइल दिला होता. घर सोडायच्या आधी सगळ्यांचा एक फोटो. मी सवयीनं मोबाइल घ्यायला पुढे झालो, तर ताईनं माझा दंड धरला. "तू नाही. घरातल्या एका तरी फोटोत आहेस का तू? उभा राहा गुपचूप." मी कुठे उभं राहायचं ते मला कळेना. सव्वीस वर्षं लोकांना जागा दाखवतोय आणि स्वतःचे हात कुठे ठेवायचे ते ठाऊक नाही. काकूंनी मोबाइल उभा धरला होता, आमच्या मागे खिडकी होती, म्हणजे आम्ही सगळे काळे येणार होतो, आणि काकूंचा अंगठा निम्म्या लेन्सवर होता. माझ्या जिभेवर चार सूचना आल्या, मी गिळल्या. बाबा एका खोक्यावर बसले. त्यांच्या बाजूच्या खोक्यावर मी बसलो. त्यावर 'काय माहीत' लिहिलं होतं.

"तीनमामा, तूच मोज ना," भाची म्हणाली. "तू मोजलंस की बरं वाटतं."

"काकू मोजतील," मी म्हणालो.

"डोळे-बिळे मिटायचे का?" काकूंनी विचारलं. त्यांना आमच्या घरची रीत माहीत होती. मग बाबांनीच आधी डोळे मिटले, मग ताईनं, मग आम्ही सगळ्यांनी. इतकी वर्षं मी हे लोकांना करायला लावलं आणि स्वतः कधी केलं नव्हतं. मिटल्यावर कळतं, खोली एकदम लांब जाते. शेजारच्या माणसाचा श्वास तेवढा उरतो. काकू "एक" म्हणाल्या आणि मला धास्ती वाटली की पुढचं आपल्याला ऐकू येणार नाही. "दोन," त्या म्हणाल्या. मी चाचपडत बाबांचा हात शोधला. तो मांडीवर उताणाच होता. "तीन, उघडा," काकू म्हणाल्या आणि मी तो हात जोरात दाबला.

"मला ऐकू येतं रे," बाबा म्हणाले, पण डोळे त्यांनी उघडले नाहीत.